रंग उडाला, म्हणजे पाणी शुद्ध झाले का?

प्रश्न : इचलकरंजीत आमचा सुती कापड रंगवण्याचा छोटा कारखाना आहे. कडुनिंबाच्या पानांच्या अर्कातून तयार केलेल्या चांदीच्या नॅनोकणांनी (अतिसूक्ष्म कणांनी) रंगाचे पाणी काही मिनिटांत स्वच्छ होते, असे वाचनात आले. आमच्या सांडपाण्यासाठी हा उपाय करता येईल का?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : आज तरी नाही. मात्र यामागचे संशोधन खरे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत मुरली शास्त्री यांच्या गटाने कडुनिंबाच्या पानांच्या काढ्यातून सोन्याचे व चांदीचे नॅनोकण तयार केल्याचे २००४ साली प्रसिद्ध केले होते. सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात पानांचा अर्क मिसळला की त्यातील पॉलिफेनॉलसारखी द्रव्ये चांदीच्या आयनांना इलेक्ट्रॉन देतात, द्रावण पिवळसर तपकिरी होते आणि तयार झालेल्या कणांभोवती अर्कातीलच काही रेणू चिकटून राहिल्यामुळे ते एकमेकांत मिसळून गोळा होत नाहीत. वनस्पतीचे काम बहुतांशी येथे संपते. पुढे पाण्यात जे घडते ते धातूचे रसायनशास्त्र असते.

‘काही मिनिटांत’ या दाव्याकडे मात्र बारकाईने पाहावे लागते. अशा अनेक प्रयोगांत मिथिलीन ब्लू हा रंग घेतलेला असतो आणि कणांबरोबर सोडियम बोरोहायड्राइड हे तीव्र क्षपणकारक (म्हणजे इतरांना इलेक्ट्रॉन देणारे) रसायनही घातलेले असते. चांदीचे कण त्या रसायनाकडून रंगाच्या रेणूकडे इलेक्ट्रॉन पोहोचवतात आणि निळा रेणू रंगहीन रूपात जातो. तो मोडलेला नसतो. बोरोहायड्राइड संपल्यावर हवेतील ऑक्सिजन मिळाला की तो पुन्हा निळा होऊ शकतो. तुमच्याकडच्या रिॲक्टिव्ह रंगांपैकी पुष्कळसे ॲझो वर्गातले असतात. त्यांतील दोन नायट्रोजन अणूंमधला बंध क्षपणाने तुटला की रंग जातो हे खरे, पण मागे ॲरोमॅटिक अमाइन उरतात आणि त्यांतील काही कर्करोगास कारण ठरणारी आहेत. पाणी डोळ्यांना स्वच्छ दिसत असताना पूर्वीपेक्षा अधिक घातक झालेले असण्याची ही शक्यता मला सर्वांत चिंतेची वाटते.

झिंक ऑक्साइड किंवा टायटॅनियम डायऑक्साइडच्या कणांची रीत वेगळी आहे. प्रकाश पडल्यावर त्यांच्या पृष्ठभागावर तयार होणारे हायड्रॉक्सिल मूलक हे अतिशय क्रियाशील कण रंगाच्या रेणूचे खरोखर तुकडे करतात आणि पुरेसा वेळ मिळाल्यास विघटन कार्बन डायऑक्साइड व साध्या क्षारांपर्यंत जाऊ शकते. अडचण अशी की या दोन्ही पदार्थांना प्रामुख्याने अतिनील किरणे लागतात आणि सूर्यप्रकाशाच्या ऊर्जेत त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के असतो. शिवाय प्रयोगशाळेत ऊर्ध्वपातित पाण्यात थोडासा रंग मिसळलेला असतो, तर तुमच्या टाकीतील गडद पाण्यात प्रकाश काही सेंटिमीटरही नीट शिरत नाही आणि त्यात मीठ, सोडा ॲश, खळीचा स्टार्च व साबण असे सारे काही असते. हे पदार्थ मूलकांना रंगाच्या आधीच गाठतात.

चांदीची आणखी एक बाब तुमच्याशी थेट संबंधित आहे. सांडपाणी प्रक्रिया केंद्रातील जैविक टाकी जिवाणूंच्या बळावर चालते आणि चांदी जिवाणूंना मारते. कण गाळून परत मिळवता आले नाहीत, तर तुम्ही सोडलेले पाणी पुढच्या टाकीचेच काम बिघडवील. तेव्हा सध्या तरी रासायनिक साका (रसायने घालून गाळ खाली बसवणे), जैविक प्रक्रिया आणि गाळण हाच मार्ग धरावा; नॅनोकणांची जागा झालीच तर या टप्प्यांनंतर उरलेला फिकट रंग काढण्यासाठी, आणि तीही काच किंवा सिरॅमिकवर पक्क्या बसवलेल्या कणांची. कोणी विक्रेता आला, तर रंग किती टक्के गेला हे न विचारता सीओडी (रासायनिक ऑक्सिजन मागणी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय प्रदूषणाचे माप) किती उतरला, अमाइनची चाचणी केली का आणि बाहेर पडणाऱ्या पाण्यात धातू किती आहे, हे तुमच्याच पाण्यावर करून दाखवायला सांगा.

प्रश्न : मी रसायनशास्त्राच्या प्रकल्पासाठी तुळशीच्या अर्कातून झिंक ऑक्साइडचे कण बनवले आहेत. ते सूर्यप्रकाशात रंग मोडतात, हे कसे सिद्ध करू?
– एक विद्यार्थिनी, सोलापूर

उत्तर : प्रथम कण व रंग यांचे मिश्रण अर्धा तास अंधारात ढवळावे, कारण रंग नुसता कणांवर चिकटूनही द्रावण फिके पडते. त्यानंतर एक पात्र कणांसह उन्हात, दुसरे कणांसह अंधारात आणि तिसरे कणांशिवाय उन्हात ठेवावे. तिसरे यासाठी की मिथिलीन ब्लू उन्हाने आपोआपही काहीसा उडतो. ठरावीक वेळाने नमुना काढून कण अपकेंद्रित्राने (सेंट्रिफ्यूजने) वेगळे करावेत आणि मगच ६६४ नॅनोमीटरला प्रकाशाचे शोषण मोजावे. शक्य असल्यास सुरुवातीचा आणि शेवटचा सीओडीही काढावा. उरलेले कण बेसिनमध्ये ओतू नयेत. तेच धुऊन, वाळवून पुन्हा वापरल्यास प्रत्येक वेळी त्यांची क्षमता किती घटते, हेही तुम्हाला नोंदवता येईल.