पेडल बिघडलेलं नाही, पिनेतल्या जोडण्या उलट्या आहेत

कीबोर्डवाल्या मित्राचं यामाहा एफसी७, म्हणजे पायाने सेटिंग हलवायचं एक्स्प्रेशन पेडल, तुम्ही स्ट्रायमनच्या डिलेला, म्हणजे गिटारचे पडसाद काढणाऱ्या युनिटला लावलंत. पेडल दाबत नेलं तरी काही होत नाही, आणि एका टोकाला मात्र एकदम उडी बसते. पेडल ठीक आहे, डिलेही ठीक आहे. या दोघांचं जुळत नाहीये, एवढंच.

एक्स्प्रेशन पेडलमधून गिटारचा आवाज जातच नाही. आत एक साधा पॉट असतो, म्हणजे व्हॉल्यूमच्या बटणामागे असतो तसा तीन पायांचा बदलता रेझिस्टर. डिले त्याला थोडं व्होल्टेज देतो आणि पॉटच्या मधल्या पायावर किती परत आलं ते वाचतो. पिनेला तीन भाग असतात: टोकाची टिप, मधली रिंग आणि मागचा स्लीव्ह. स्लीव्ह म्हणजे ग्राउंड, यावर सगळ्या कंपन्यांचं एकमत. पण मधला पाय स्ट्रायमन, रोलंड, मूग टिपवर धरतात आणि यामाहा रिंगवर. त्यामुळे तुमच्याकडे व्होल्टेज भलत्याच पायात शिरतंय आणि डिलेला जवळजवळ सगळीकडे एकच आकडा दिसतोय.

खात्री करायची तर मल्टिमीटर ओहमवर ठेवा आणि पेडल हलवत पिनेचे दोन-दोन भाग तपासा. ज्या जोडीचं रीडिंग हलत नाही ती पॉटची दोन टोकं; उरलेला तिसरा भाग म्हणजे मधला पाय. एफसी७ची वायर पेडलला कायमची जोडलेली असते, म्हणून ती कापू नका, मित्राची आहे. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात पासोड्या विठोबापाशी पी-३८ स्टिरिओची (गिटारच्या वायरला असते त्या मापाची, पण तीन भागांची) एक पिन आणि एक सॉकेट घ्या, मध्ये टिप-रिंग उलट जोडा. झाला ॲडॉप्टर. नवीनच घेणार असाल तर एम-ऑडिओच्या ईएक्स-पीला खाली हा बदल करणारा स्विचच आहे.

व्हॉल्यूम पेडल चालेल का, हेही विचारलंत. जुगाड होतो, पण मी सुचवणार नाही. गिटारच्या पॅसिव्ह पेडलमध्ये बहुधा २५० किंवा ५०० के (किलोओहम) चा पॉट असतो, इथे साधारण १० के लिनिअर, म्हणजे सारख्या प्रमाणात बदलणारा लागतो. मोठ्या, त्यातही लॉग (असमान बदलणाऱ्या) पॉटवर सगळा बदल एका टोकाशी गोळा होतो.

आता खरी मजा. पेडल चालू झालं की जो तो मिक्सला, म्हणजे मूळ सुरात डिले किती मिसळायचा त्याला, शून्य ते शंभर लावतो. शंभरला मूळ सूर गायब, शून्याला डिले गायब, आणि पायाला बारीक काम करायला जागाच उरत नाही. टाच आणि पंजा या दोन्ही टोकांचं मूल्य तुम्हाला ठरवता येतं, ते जवळजवळ ठेवा. मी मिक्स साधारण १५ ते ४० टक्के ठेवतो आणि त्याच पेडलवर रिपीट्सही (पडसाद किती वेळा येणार ते) थोडे वाढवतो. रिपीट्स फार वर नेलेत तर डिले स्वतःच किंचाळत सुटतो. ते मुद्दाम हवं असेल तरच तिथे जा. टाइम, म्हणजे दोन पडसादांमधलं अंतर, मात्र पायाला देऊ नका. टेप किंवा ॲनालॉग धाटणीच्या डिलेत वेळ हलली की सूरही घसरतो, आणि बेसवाला तुमच्याकडे बघायला लागतो.

मिक्स खाली घेतलंत की वाजत असलेले पडसादही त्याच क्षणी दबतात. सोलोतला शेवटचा सूर मागे रेंगाळायला हवा असेल तर मिक्सला हात लावू नका. डिलेच्या आधी व्हॉल्यूम पेडल ठेवा आणि आत जाणारा आवाजच बंद करा. तुमच्याकडचं व्हॉल्यूम पेडल या कामाला लावा.

आणखी एक. बऱ्याच युनिटांत प्रीसेट (साठवून ठेवलेली सेटिंग) बदलल्यावर पेडल हलेपर्यंत सेव्ह केलेलंच मूल्य चालू राहतं आणि पहिल्या स्पर्शाला झटका बसतो. म्हणून प्रत्येक प्रीसेट पेडल टाचेवर ठेवूनच सेव्ह करा, आणि स्टेजवर बदलतानाही पाय टाचेवरच असू द्या.