पाठ मिळते, पण टिकत नाही

पैलवान, प्रश्न वाचला. कुस्ती करून नो-गीकडे (झग्याशिवाय खेळल्या जाणाऱ्या ब्राझीलियन जिउ-जित्सूकडे) आलात, समोरच्याच्या मागे सहज जाता, पण तो वळून निसटतो आणि चोक, म्हणजे गळा आवळायचा डाव, गळ्याऐवजी हनुवटीवर अडकतो. तालमीतून आलेल्या बहुतेकांचं हेच होतं आणि त्यात ताकदीचा काही प्रश्न नसतो. मातीत आपली पाठ टेकली की कुस्ती गेली. इथे मात्र समोरच्याला छातीशी धरून आपणच मॅटवर पडून राहायचं असतं. अंगाला ते पटत नाही. पाठ टेकतेय असं वाटलं की तुम्ही पकड सैल करून वर यायला बघता, आणि तो तेवढ्यात फिरतो. तुमचा पट निघाल्यावर, म्हणजे समोरच्याने पाय ओढल्यावर, स्वतः पालथे होत असाल, तर तीही सवय मोडा. चीत व्हायचं वाचतं, पण इथे समोरच्याला आयती पाठ मिळते.

आता पकड. एक हात त्याच्या खांद्यावरून, दुसरा काखेतून, दोन्ही छातीवर एकत्र. यालाच सीटबेल्ट म्हणतात. काखेतून आलेला हात वर ठेवा, म्हणजे गळ्याकडे जाणारं मनगट झाकलं जातं. पडायचं ते खांद्यावरून गेलेल्या हाताच्या कुशीवर. उलट्या कुशीला गेलात तर तो खांदे मॅटला लावतो आणि तुमच्याकडे वळतो. तरीही वळलाच, तर पाठीसाठी झगडत बसू नका, त्याच्याबरोबर फिरून माउंटवर, म्हणजे त्याच्या छातीवर बसायला, या.

पाय सवारीसारखे त्याच्या मांड्यांच्या आत घाला (यांनाच हुक म्हणतात), पण घोटे एकमेकांत अडकवू नका. त्यावर तो स्वतःचे पाय टाकून कंबर उचलतो आणि टॅप (हार मानल्याची थाप) तुम्हाला करावा लागतो. हुकचे गुण मिळतात (एडीसीसी या नो-गी स्पर्धेत ३, आयबीजेजेएफ या जिउ-जित्सू महासंघाच्या स्पर्धांत ४), म्हणून नवखे पायांच्या मागे लागतात. छाती सुटली तर हुक काही कामाचे नाहीत.

चोक न बसण्याचं कारण गळ्यात नसून हातांत आहे. तो दोन्ही हातांनी तुमचा एक हात धरून बसतो. काखेतल्या हाताने त्याचं त्या बाजूचं मनगट धरा, खाली त्याच्या कमरेकडे ढकला आणि वरून पाय टाकून तो हात अडकवा. आता त्याचा एक हात, तुमचे दोन. जिउ-जित्सूचा प्रशिक्षक जॉन डॅनहर आणि त्याच्या शिष्यांनी ही पद्धत फार नेटकी बसवली आहे. त्यांच्यातल्याच गॉर्डन रायनने २०२२ च्या लास वेगासच्या एडीसीसीत आंद्रे गाल्वावला मागूनच चोक केलं. त्या सामन्यात गळ्याकडे कमी आणि हातांकडे जास्त बघा.

गळा मिळाला की कोपर हनुवटीच्या बरोबर खाली आणा. दुसरा हात त्याच्या डोक्यामागे सरकवताना तळहात दाखवत नेऊ नका, तो लगेच पकडेल. बोटांची मागची बाजू त्याच्या डोक्याला घासत न्या. मग हातांनी आवळण्याऐवजी छाती फुगवा आणि कोपरं मागे ओढा. घामाने हात निसटत असेल तर स्वतःचा दंड पकडायच्या नादी न लागता तळहाताला तळहात लावून आवळा, तेही चालतं. जबडा चिरडून काही मिळत नाही, फक्त जोडीदार दुसऱ्या दिवशी तुमच्याबरोबर उभा राहत नाही.

सरावात मागे जाण्यापासून सुरुवातच करू नका. सीटबेल्ट आधीच लावून बसा, जोडीदाराला पूर्ण ताकदीने निसटू द्या, निसटला की पुन्हा तिथूनच. आणि मानेच्या दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा दाबला की साधारण दहा सेकंदांत शुद्ध जाते, म्हणून टॅप लागताच सोडा. हात अडकलेला माणूस तोंडाने किंवा पायाने टॅप करतो, तिकडेही कान ठेवा.