शेतमजूर पूर्वज शोधताय? सुरुवात अशी करा

स्वागत! इंग्लंडमधल्या गरीब शेतमजुरांचाही माग लागतो, धीर सोडू नका. घरातल्या मोठ्यांना विचारा आणि एकेक पिढी मागे जा. 1841 च्या जनगणनेत थेट उडी नको. तिथे मोठ्यांची वयं बहुधा पाचाच्या पटीत उतरवलेली, नातं लिहिलेलंच नाही. 1851 मध्ये कुटुंबप्रमुखाशी नातं आणि जन्मगाव दोन्ही मिळतं.

- जुलै 1837 नंतरचा विवाहदाखला मागवाच. त्यात वधूवरांच्या वडिलांची नावं, धंदे असतात.
- स्पेलिंगवर अडू नका. सहीऐवजी फुली दिसली, म्हणजे त्या माणसाला बहुधा लिहिता येत नव्हतं, तर आडनाव बहुधा पाद्र्याने ऐकलं तसं लिहिलेलं असतं.
- शेजारच्या गावातला त्याच नावाचा भलताच माणूस जोडला जातो. दुसऱ्याची वंशावळ तशीच उचलू नका!

वर्कहाउसच्या (गरिबांना काम करवून आसरा देणाऱ्या संस्थेच्या) नोंदी सध्या राहू द्या.