टॉपिक घेताना आधी कपाट उघडून पाय

भाऊ, तुह्या प्रोजेक्टच्या टॉपिकचं नाव ‘फॉरेन्सिक केमिस्ट्रीत (गुन्ह्याच्या तपासातल्या रसायनशास्त्रात) विषांचा अभ्यास’, हे अख्खं गोदाम झालं, एवढं मोठं एका प्रोजेक्टात मावत नाही. मीही एमएस्सीला ‘कीटकनाशकं आणि विषबाधा’ घेतलं होतं, सहा महिने नुसते पेपर वाचत बसलो अन् मग समजलं का कॉलेजात जीसी-एमएसच (मिश्रणातली रसायनं वेगळी करून ओळखणारं मशीन) नाही.

म्हणून आधी लॅबचं कपाट पाय. टीएलसीच्या (पातळ थराच्या प्लेटीवर रसायनं वेगळी करायची सोपी पद्धत) प्लेटा, यूव्ही लॅम्प, स्प्रे रिएजंट (प्लेटीवर फवारून ठिपका दिसायला लावणारं रसायन) काय काय हाय ते वहीत लिही, मग गावाकडं पाय. आपल्याकडं कपाशीवर काय फवारतात हे तुले सांगायची गरज नाही, 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता विषबाधा होऊन शेतकरी, मजूर गेले ते आठवत असंल. मोनोक्रोटोफॉस या कीटकनाशकाच्या नादी लागू नको, लय जहाल हाय. क्लोरपायरीफॉस हे दुसरं कीटकनाशक घे, त्यातही मापानं पातळ केलेलं, अन् ग्लोव्ह्ज, फ्यूम हूड, गाइड समोर, हे नसंल तर बाटली उघडूच नको.

आता एकच प्रश्न पकड. सुती शर्टावर पडलेलं क्लोरपायरीफॉस उन्हात अन् सावलीत 1, 3, 7, 15 दिवसांनी टीएलसीवर दिसते का? बस, एवढंच. याच्या रेणूत गंधक हाय म्हणून पॅलेडियम क्लोराइड फवारलं का पिवळसर तपकिरी ठिपका येते. विष न पडलेला कोरा शर्टाचा तुकडा सोबत चालवजो, नाहीतर कापडाच्या रंगाचाच डाग विष म्हणून लिहिशील (माह्या दोस्तानं लिहिला होता).

व्हिसेराचं (शवविच्छेदनात काढलेल्या आतल्या अवयवांचं) मनात आणू नको, परवानगीतच वर्ष जाते.