घाणा नंतर घे, आधी वीस घरं शोध

अगं, तुझा तो घाण्याच्या तेलाच्या धंद्याचा आठ लाखांचा प्रोजेक्ट रिपोर्ट दोनदा वाचला. सीएनं मस्त बनवलाय, पण खरं सांगू का, त्यात गिऱ्हाईकच कुठे दिसत नाहीये. दोन लाकडी घाणे आहेत, शेड आहे, फिल्टर आहे, पाच हजार लेबलं आहेत आणि शेवटच्या पानावर "आरोग्याबाबत जागरूकता वाढल्याने मागणी प्रचंड आहे" हे एक वाक्य. माझ्या रिपोर्टातही हेच होतं, जवळजवळ शब्दन् शब्द.

माझी गोष्ट तुला अर्धीच माहितीये. 2014 ला मी भाजणी आणि मेतकूट विकायला काढलं, आणि पाऊच छापणारा म्हणाला दहा हजार घेतले तर रेट निम्मा पडेल, छपाईच्या साच्याचा, म्हणजे सिलेंडरचा, खर्च तसाही एकदाच आहे, मी म्हटलं छाप. पहिल्या दीड महिन्यात सातशे पाकिटं गेली आणि मग लोक एकच गोष्ट सांगायला लागले, अहो घरी आम्ही दोघंच, अर्धा किलो संपेपर्यंत वास जातो, 200 ग्रॅमचं नाही का? पाऊचवर तर ठळक अक्षरात 500 ग्रॅम छापलेलं. उरलेले पाऊच अजून माळ्यावर आहेत, तुझी काकू पाहुण्यांना कुळीथ पीठ देते त्यात भरून.

तू जे लीन लीन म्हणतेस ना, म्हणजे फुकट न घालवता लागेल तेवढंच बनवायचं, त्याचं मूळ टोयोटाच्या कारखान्यात आहे. तिथले ताईची ओनो म्हणून इंजिनिअर, त्यांनी फुकट जाणाऱ्या गोष्टींचे सात प्रकार मांडले आणि त्यात सगळ्यात वाईट ठरवलं गरजेपेक्षा जास्त बनवणं, कारण माल पडून राहिला की बाकीच्या चुका त्याच्याखाली झाकल्या जातात. अमेरिकेतल्या सुपरमार्केटवरून त्यांनी हे उचललं, गिऱ्हाईक फळीवरून जेवढं उचलेल तेवढंच परत भरायचं. मला हे माळ्यावर चढल्यावर कळलं, तुला खालीच कळावं म्हणून लिहितोय.

तर घाणा सध्या घेऊच नकोस. तुमच्या तालुक्यात कुणाचा तरी घाणा अर्धा दिवस रिकामा असेलच, त्याला मजुरी देऊन तेल काढून घे. 1999 मध्ये अमेरिकेत झॅपोस ही बूट विकणारी वेबसाईट सुरू झाली तेव्हा ती काढणाऱ्या माणसानं बूट विकत घेऊन गोडाऊन भरलं नव्हतं, दुकानात जाऊन बुटांचे फोटो काढले, साईटवर टाकले, ऑर्डर आली की त्याच दुकानातून घेऊन पाठवायचा. त्यात सुटत काही नव्हतं, पण लोक न घालून बघता बूट घेतात का हे त्याला कळलं. तुलाही आत्ता एवढंच कळायला हवंय, की बाजारातल्या रिफाइंडपेक्षा दुप्पट भाव देऊन लोक तुझं तेल दुसऱ्यांदा घेतात का.

आता हिशोब कर, दर तुझ्या मार्केटचे टाक, मी अंदाजे धरतो. एक लिटरला अडीच किलोच्या आसपास शेंगदाणे लागतात, 120 रुपयांनी 300 झाले, पेंड विकून 50 परत आले, घाण्याची मजुरी 30, बाटली-लेबल 20, म्हणजे 300 ला पडलं. 360 ला विकलंस तर 60 सुटले, आणि पोचवायचं पेट्रोल त्यातूनच. तुझं आठ लाखांचं कर्ज 11 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी धरलं तर हप्ता साडेसतरा हजाराच्या जवळ जातो. म्हणजे नुसत्या हप्त्यासाठी महिन्याला 290 लिटर! घरटी तीन लिटर धर, झाली ना शंभर घरं, आणि तुला अजून पगार नाही. स्वतःचा घाणा आला की मजुरी वाचेल हे खरं, पण लाईट बिल आणि माणूस येतो त्याबदल्यात. सबसिडीचं म्हणशील तर पीएमईजीपी या सरकारी कर्ज-सबसिडी योजनेत ती रक्कम तीन वर्षं बँकेतच पडून असते, ती धरून हप्ते भरायचं डोक्यातून काढ.

म्हणून आधी वीस घरं. नातेवाईक सोडून. आत्या, मावशी, कॉलेजच्या मैत्रिणी सगळ्या "छान आहे गं" म्हणणार आणि त्या छानचा काही उपयोग नाही. एक वही कर, कुणी कधी किती नेलं आणि परत स्वतःहून फोन केला का, एवढंच लिही, तू आठवण केल्यावर घेतलं असेल तर वेगळी खूण कर. आणि बाटली द्यायला स्वतः जा, पोरगा पाठवू नकोस, कारण खाली गाळ बसलाय म्हणजे भेसळ आहे का, हे लोक तुला दारातच विचारतील, मेसेजवर नाही. सोलापूरकडच्या आज्या करडईचं आहे का विचारतील. पाच जणींनी विचारलं तर शेंगदाणा बाजूला ठेवून एक घाणी करडईची काढून बघ, त्यात कमीपणा कसला.

लीन म्हणजे चिंगूसपणा नाही हं. दाणे चांगलेच घे, पोत्याच्या तळातला मूठभर चावून बघ, खवट लागला तर परत. तेल दोन-तीन दिवस निवळू दे, घाई करून भरू नकोस. आणि एफएसएसएआयचं, म्हणजे सरकारच्या अन्नसुरक्षा खात्याचं, रजिस्ट्रेशन पहिल्या बाटलीच्या आधी, नंतर नाही, तिथे प्रयोग करायचा नसतो. लेबल मात्र साध्या प्रिंटरवर पन्नास-पन्नास काढ, कायद्यानं जे लिहायला लागतं ते सगळं त्यावर असू दे, बाकी डिझाईन गेलं उडत.

तीन महिन्यांनी ती वही घेऊन ये, मग बँकेचं बोलू. मला एक लिटर ठेव, पैसे देईन, पण वहीत लिहू नकोस, मी काय परत घेणारच आहे.

– काका