नाशिकरोडला बाळ येशूच्या यात्रेला दरवर्षी जातो. प्रभू येशूच्या पुन्हा येण्यासाठी एवढी तयारी पुरेशी आहे का?

नाही, एका दिवसाच्या यात्रेने ती तयारी पूर्ण होत नाही. ती रोजच्या जगण्यात करावी लागते. आमच्या बायबल अभ्यासगटात मी मत्तयाचा 25वा अध्याय शिकवतो, त्यात हे स्पष्ट दिसतं. त्यातल्या दृष्टांतात दहा कुमारी दिवे घेऊन वराची वाट पाहतात; पाच शहाण्यांनी तेल आधीच भरून ठेवलं होतं, आणि पाच मूर्ख कुमारींना ऐनवेळी ते दुसऱ्याकडून मिळालं नाही. तुमच्या घरचे कितीही भाविक असोत, तुमची प्रार्थना तुम्हालाच करावी लागेल. त्याच अध्यायाच्या शेवटी न्याय होतो तो भुकेल्याला अन्न दिलं का, आजाऱ्याला आणि कैद्याला भेटलात का, यावर. मला तो भाग सर्वांत जड वाटतो, कारण तिथे सबब चालत नाही.

मात्र घाबरून जगू नका. वराला उशीर झाला तेव्हा दहाही जणी झोपल्या होत्या, शहाण्यासुद्धा! शिवाय तारण, म्हणजे पापातून सुटका, देवाच्या कृपेने मिळतं, कर्मांनी नव्हे (इफिस 2:8-9). तारखा सांगणाऱ्यांकडेही लक्ष देऊ नका. तो दिवस फक्त पित्याला ठाऊक आहे (मत्तय 24:36).

यात्रेला जरूर जा. पण कुणाशी अबोला असेल तर आधी समेट करा, मग वेदीपुढे अर्पण ठेवा. मत्तय 5:23-24 मध्ये क्रम असाच दिला आहे.