बीटल्सच्या '१' या अल्बममध्ये 'स्ट्रॉबेरी फील्ड्स फॉरएव्हर' का नाही?

कारण हे गाणं ब्रिटन किंवा अमेरिकेतल्या गाण्यांच्या लोकप्रियतेच्या मुख्य यादीत कधीच पहिल्या क्रमांकावर पोचलं नाही, आणि नोव्हेंबर 2000 मध्ये आलेल्या या संग्रहात प्रवेशाची अट तेवढी एकच होती. फेब्रुवारी 1967 मध्ये ते 'पेनी लेन'सोबत एकाच रेकॉर्डवर आलं. अमेरिकेत अशी यादी काढणारं 'बिलबोर्ड' साप्ताहिक रेकॉर्डच्या दोन्ही बाजूंना वेगवेगळा क्रमांक द्यायचं. तिथे 'पेनी लेन' पहिलं आलं, 'स्ट्रॉबेरी फील्ड्स' आठव्यावर थांबलं. ब्रिटनमध्ये गायक एंगलबर्ट हम्परडिंकच्या 'रिलीज मी'मुळे ही रेकॉर्ड दुसऱ्या क्रमांकावरच राहिली. म्हणून 27 गाण्यांत 'पेनी लेन' आहे आणि तिची जोडीदार नाही. बीटल्सचं इतकं धाडसी गाणं आकड्यांच्या चाळणीतून गळावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या: त्या काळी ब्रिटनमध्ये सर्वमान्य अशी एकच यादी नव्हती; वेगवेगळी संगीत साप्ताहिकं आपापली यादी छापायची. अल्बमसाठी 'रेकॉर्ड रिटेलर'ची यादी प्रमाण मानली. त्यामुळे 'मेलडी मेकर' आणि 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस'च्या याद्यांत पहिलं आलेलं 'प्लीज प्लीज मी'सुद्धा बाहेर राहिलं. तेव्हा '१' म्हणजे 'बीटल्सची सर्वोत्तम गाणी' असं समजू नका.

'स्ट्रॉबेरी फील्ड्स' संग्रहातच हवं असेल तर 1973 चा निळ्या मुखपृष्ठाचा '1967–1970' घ्या. त्याची सुरुवातच या गाण्याने होते, आणि लगेच पुढे 'पेनी लेन' आहे.